नवऱ्याच्या सहीचे आठ हजार

हे लिहायला मला वर्ष लागलं. गेल्या महिन्यात माझ्या मावसबहिणीच्या शेजारची एक मुलगी गर्भपातासाठी धडपडताना नेमकी त्याच वाक्यापाशी अडकली, जिथे मी अडकले होते. ते ऐकल्यावर मात्र गप्प बसवेना. वाक्य असं: "वहिनी, गोव्याचा कायदा वेगळा. नवऱ्याची सही असल्याशिवाय इथे तुम्हाला कुणी हात लावणार नाही." लग्न झालेलं नसेल तर नवऱ्याच्या जागी बाप येतो, बाकी वाक्य तेच.

हे साफ खोटं आहे. पण मी बारावी शिकलेली, बँकेचे व्यवहार स्वतः करणारी बाई, तरी मी ते खरं मानलं.

माझे यजमान बोटीवर असतात. १४ जूनला ते कामावर गेले. माझी शेवटची पाळी २८ मेची. ६ जुलैला घरी चाचणी केली, दोन रेघा आल्या. आम्हाला दोन मुलं आहेत. तिसरं नको हे दोघांचं कधीच ठरलेलं होतं, आणि त्यासाठी जे वापरत होतो ते निकामी ठरलं. रात्री फोनवर बोललो. ते म्हणाले, "तू ठरव. मी तिथे नाही, सोसायचं तुला आहे." ठरवायला आम्हाला एक रात्रही लागली नाही. पुढचा महिना गेला तो भलत्याच माणसाच्या मागे.

आमच्या डिचोली तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात मी गेले नाही. तिथली नर्सबाई सासूबाईंबरोबर भजनाला असते. तिने कुणाला सांगितलं तर, या भीतीने मी शुक्रवारच्या बाजाराचं निमित्त काढून म्हापशाला गेले. एका औषधाच्या दुकानात हळूच विचारलं. दुकानदाराने गोळ्या दिल्या नाहीत. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय त्या देता येत नाहीतच. पण काउंटरवरच्या मुलाने मागून येऊन एक नंबर दिला. "हा माणूस इस्पितळाची कामं करतो," म्हणाला.

तो माणूस पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. मला एका सोनोग्राफी केंद्राच्या दारात घेऊन गेला आणि आत न नेता भिंतीवरचा फलक दाखवला. गर्भलिंग निदान करणे कायद्याने गुन्हा आहे, असा तो फलक. "बघा वहिनी, सरकारने लिहूनच ठेवलंय. पकडलं तर तुम्ही आत आणि डॉक्टरही आत." मी तो फलक आयुष्यात शंभरदा पाहिला असेन. त्या दिवशी तो पहिल्यांदाच माझ्यावर रोखल्यासारखा वाटला. तो फलक १९९४ च्या कायद्याचा आहे. मुलगा की मुलगी हे पाहण्यावर बंदी आहे, तेवढंच त्यात सांगितलेलं असतं. गर्भपाताचा कायदा वेगळा, १९७१ चा. हे दोन कायदे लोकांच्या डोक्यात एकच होऊन बसलेत आणि असली माणसं त्याच गोंधळावर पोट भरतात.

मग त्याने सहीचं काढलं. गोव्यात पोर्तुगीजांच्या वेळचा कायदा आहे, त्यात बायकोच्या कुठल्याही गोष्टीला नवऱ्याची सही लागते. इथे मी पुरती फसले, कारण यात अर्धं खरं आहे. दोन वर्षांपूर्वी दिरांनी जमिनीचा तुकडा विकला, तेव्हा माझ्या जावेला सहीसाठी निबंधकाच्या कचेरीत जावं लागलं होतं. गोव्यात लग्न, वारसा, नवरा-बायकोची समाईक मालमत्ता हे सगळं १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेलं. घर-जमीन विकताना दोघांची सही लागते, हे आमच्याकडे शाळकरी पोराला ठाऊक असतं. मला वाटलं, जमिनीला लागते तर याला लागणारच.

शरीर म्हणजे जमिनीचा तुकडा नव्हे, हे तेव्हा मला सुचलं नाही.

यजमानांनी बोटीवरच्या कागदावर सही करून फोटो पाठवला. "फोटो चालत नाही, अस्सल सही पाहिजे." कुरियरला महिना लागेल. मग तो म्हणाला, नोटरीकडून सहीचं काम करून देतो, आठ हजार. भिशीचे पैसे हातात होते. तीन हजार रोख दिले, पाच हजार मोबाईलवरून. ते पैसे ज्याच्या खात्यात गेले त्याचं नाव वेगळंच होतं. मी विचारलं, तर म्हणे मेव्हणा.

खरी गोम पुढे होती. मी रोज फोन करायची, तो म्हणायचा, कागद पणजीला गेलाय. एकदा माझा आवाज चढला तेव्हा तो थंडपणे म्हणाला, "वहिनी, नवऱ्याची खोटी सही तुमच्या नावावर झालीय. आता तुम्हीपण यात आहात." त्या एका वाक्याने माझं तोंड बंद झालं. पोलिसांकडे कशी जाणार? डॉक्टरकडे कशी जाणार? आठ हजार रुपये देऊन मी स्वतःच्या गळ्यात फास घालून घेतला होता, आणि त्याचं टोक त्याच्या हातात.

२२ जुलैला एका बंद क्लिनिकच्या पायरीवर त्याने मला गोळ्या दिल्या. आणखी बारा हजार. पांढऱ्या कागदी पुडीत दोन सुट्या गोळ्या, पट्टी नाही, नाव नाही, तारीख नाही. त्या घेतल्यावर थोडं पोट दुखलं, दोन दिवस डाग दिसले, संपलं. त्याने दहा दिवस थांबायला सांगितलं. ३ ऑगस्टला फोन केला तेव्हा म्हणाला, "राहिलं वाटतं आत. आता पिशवी साफ करावी लागेल. पस्तीस हजार तयार ठेवा."

दिवसांचा हिशोब इथे मुद्दाम मांडते. आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. ६ जुलैला मी साडेपाच आठवड्यांची होते. गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंत करता येतो. माझे नऊ आठवडे ३० जुलैला भरले. त्याने मला त्या तारखेच्या पलीकडे नेऊन ठेवलं आणि मग पुढचा भाव सांगितला. पैशापेक्षा मला याचा राग आहे. पैसे पुन्हा भिशी लावून उभे राहतील. दिवस राहत नाहीत.

पस्तीस हजारांसाठी मी बांगडी मोडायला निघाले होते. सोबत म्हणून मावसबहिणीला बोलावलं आणि सोनाराच्या दुकानाबाहेर तिच्यापुढे रडले. ती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. तिने सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "ताई, बिल दिलं का कुणी?" मी पर्समधून चिठ्ठी काढली. वहीचा फाडलेला कागद, त्यावर इंग्रजीत २०,००० आणि खाली एक रेघ. तिने ती हातात धरली आणि म्हणाली, "आपण सरकारी इस्पितळात जाऊ."

६ ऑगस्टला गेलो. बरोबर दहा आठवडे. डॉक्टरबाईंनी आधी सोनोग्राफी करवली, गर्भ पिशवीतच आहे ना हे बघायला. नळीत असेल तर गोळ्या घेऊन जिवावर बेतू शकतं. रक्तगट पाहिला, कारण निगेटिव्ह गट असेल तर वेगळं इंजेक्शन लागतं. हिमोग्लोबिन पाहिलं. यातलं एकही त्या माणसाने केलं नव्हतं. पुडीतल्या गोळ्यांबद्दल सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. खऱ्या पाकिटात पाच गोळ्या असतात, आधी एक आणि मग चार. आणि पाकिटावर किंमत छापलेली असते, ती बारा हजारांच्या जवळपासही जात नाही.

मग नर्सने एक फॉर्म पुढे केला. संमतीपत्र, फॉर्म सी. अर्ध्या पानाचाही मजकूर नाही. माझं नाव, अमक्याची मुलगी किंवा पत्नी, वय, पत्ता, मी संमती देत आहे, तारीख, सही. खाली पालकांसाठी जागा आहे, पण ती बाई अठराच्या आतली किंवा मनोरुग्ण असेल तेव्हाची. मी पेन हातात धरून तो कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

"काय शोधताय बाय?" नर्सने विचारलं.

"नवऱ्याची सही कुठे करायची?"

"ती लागत नाही. तुमची करा."

मी तिथेच खुर्चीत बसून राहिले. पाच मिनिटं मला सही करता येईना.

त्या दिवशी आणि नंतर डॉक्टरबाईंकडून जे कळलं ते इथे सांगते, कारण कुणी सांगत नाही. गर्भपाताचा कायदा केंद्राचा आहे, गोव्यालाही तोच. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टर लागतात आणि ते ठरावीक स्त्रियांसाठी: बलात्कार झालेल्या, अल्पवयीन, गरोदरपणातच विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या, अपंग, गर्भात व्यंग असलेल्या आणि आणखी काही. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की यातून अविवाहित म्हणून कुणाला वगळता येणार नाही. चोवीसच्या पुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवतं. साधन निकामी ठरणं हे कारण पूर्वी फक्त लग्न झालेल्या बाईला होतं. २०२१ च्या दुरुस्तीने ते कोणत्याही बाईला आणि तिच्या जोडीदाराला लागू झालं. आणि माझ्या भीतीचं उत्तर: तुमचं नाव फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईला मी विनाकारण घाबरले. निदान विचारून तरी पाहायला हवं होतं.

दोन दिवसांनी माझं झालं. सक्शनने, थोड्या वेळात. संध्याकाळी घरी. माझा खर्च म्हणजे बसचं तिकीट आणि पॅडचं पाकीट. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, म्हापशाचं आणि मडगावचं जिल्हा इस्पितळ ही सरकारी ठिकाणं आहेत. सरकारी इस्पितळाला यासाठी वेगळी मान्यता घ्यावी लागत नाही. खाजगीत जायचं तर जरूर जा, पैसे लागतील, त्यात गैर काही नाही. पण तिथे मान्यतेचं प्रमाणपत्र दर्शनी भिंतीवर लावलेलं असलं पाहिजे, तसा नियमच आहे. ते दिसलं नाही तर उठून या. आणि छापील बिल मागा. तारीख लांबवत असतील तर दुसरीकडे जा, त्याच दिवशी.

सुट्या गोळ्या कुणी घेतल्याच असतील आणि तासाला दोन पॅड भिजत असतील, असं सलग दोन तास चाललं असेल, ताप असेल, घाण वास येत असेल, तर लाज बाजूला ठेवून १०८ ला फोन करा.

खोट्या सहीचं ओझं मात्र उतरत नव्हतं. १५१०० हा कायदेशीर मदतीचा नंबर आहे. बाईला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. वकीलबाईंनी पहिला प्रश्न केला, "तो सहीचा कागद तुम्ही डोळ्यांनी पाहिलात का?" नाही. मी कधीच पाहिला नव्हता. बहुधा तसा कागदच नव्हता. नसलेल्या कागदाच्या भीतीने मी महिनाभर तोंड शिवून बसले होते. डॉक्टर नसलेल्याने गर्भपात केला तर दोन ते सात वर्षांची सक्तमजुरी आहे, हेही त्यांनीच सांगितलं. घाबरायला हवं होतं ते त्याने.

तक्रार मी यजमान सुट्टीवर आल्यावर दिली. सोबत ते आले, पण बोलले नाहीत, मीच बोलले. हवालदारांनी ती चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. तिच्यावर माझं नाव नाही, त्याचंही नाही, नुसता आकडा. त्याचा नंबर तेव्हाच बंद झाला होता. पण मोबाईलवरून गेलेल्या पाच हजारांची नोंद होती, तारखेसकट, त्या मेव्हण्याच्या नावासकट. ती छापून मी अर्जाला जोडली आहे. मावसबहिणीच्या शेजारची ती मुलगी आठ आठवड्यांची होती. तिला बहिणीने दुसऱ्याच दिवशी इस्पितळात नेलं. त्या माणसाने तिला पाठवलेले मेसेज तिने पुसलेले नाहीत. नंबर नवा आहे, खात्यावरचं नाव तेच आहे.