चुंबक चिकटलं, तरी मी पैसे पाठवले

४७,८७० रुपये. जाहिरात बघून वापरलेली धातूची गिटार घ्यायला गेलो आणि फसलो, त्याचा हा हिशेब. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरात मी आठ दिवस वीस हजार सांगत होतो. टोकन ५,०००. उरलेले ३७,०००. 'ट्रान्झिट इन्शुरन्स' ४,७२०, म्हणजे चार हजार अधिक अठरा टक्के जीएसटी. (चोराने जीएसटी लावला की तो चोर वाटत नाही, हे मी शिकलो.) आणि खोकं सोडवताना ट्रान्सपोर्टवाल्याला १,१५०. एवढं मोजून हातात आली ती चंदेरी स्प्रे मारलेली प्लायवूडची गिटार.

माझं भोसरीला प्लेटिंगचं, म्हणजे धातूवर मुलामा चढवायचं, छोटं वर्कशॉप आहे. बावीस वर्षं निकल, क्रोम आणि झिंक हेच करतोय. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझे काका मांडीवर गिटार आडवी ठेवून वाजवायचे. हजारा सिंग, व्हॅन शिप्ली यांच्या रेकॉर्डी ऐकून हिंदी गाण्यांच्या धुना बसवायच्या आणि गणपतीत वाजवायच्या. काका गेले, त्यांचा स्टीलचा बार माझ्याकडे आला. साध्या गिटारवर मी तो वर्षभर घासला, पण तारेवर बार सरकवला की सूर दोन क्षणांत मरायचा. तेव्हा कळलं की मला रेझोनेटर हवी आहे, तीही धातूच्या बॉडीची. १९२७ साली लॉस एंजेलिसमध्ये जॉन डोपायरा आणि जॉर्ज बोशांप यांनी ही गिटार बाजारात आणली. वीजेच्या गिटारी अजून यायच्या होत्या, ऑर्केस्ट्रात साध्या गिटारचा आवाज बुडायचा, म्हणून यांनी झाकणाखाली लाउडस्पीकरसारखे पातळ ॲल्युमिनियमचे कोन बसवले. सन हाऊस, बुका व्हाइट वगैरे अमेरिकन ब्लूज वाजवणाऱ्यांचा तो खणखणीत, थोडा पत्र्याच्या डब्यासारखा आवाज तिथून येतो. आपल्याकडेही ही परंपरा परकी नाही. हवाईचे टाऊ मो १९४० च्या दशकात कोलकात्यात राहून वाजवत होते, शिकवत होते.

आता ही वस्तू पुण्यात कुठे मिळते? दुकानात विचारलं की पोरं विचारतात, 'इलेक्ट्रिक का अकूस्टिक?' चीनमध्ये बनलेली, स्वस्तातली म्हणतात तीसुद्धा बाहेरून मागवायची तर भाडं, कर धरून लाखाच्या आसपास जाते. म्हणून वापरलेली शोधत होतो. जाहिरात दिसली: पितळी बॉडी, निकल प्लेटिंग, एकच कोन, बिस्किट ब्रिज (कोनावर बसवलेली लाकडी चकती, तारांचा भार तिच्यावर), गोल नेक, ४२,००० रुपये.

तुम्ही म्हणाल, इतकी स्वस्त म्हटल्यावर कळलं नाही का? कळलं होतं हो. म्हणून तर मी चौकशी केली. माणूस 'आर्मीत आहे, बदली झाली' म्हणाला असता तर मी तिथेच फोन ठेवला असता, एवढी अक्कल मलाही आहे. हा म्हणाला, मी चर्चमध्ये वाजवतो, मुलाकडे कॅनडाला चाललोय, विमानात एवढं वजन नेता येत नाही. गोड हिंदीत बोलायचा. मला विचारलं, 'आप ओपन जी में बजाते हो या ओपन डी में?' (तारा सुरात लावायच्या या दोन पद्धती.) आमच्या घरात, मित्रांत, अख्ख्या भोसरीत हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. त्या एका प्रश्नावर मी विकला गेलो.

तरी मी हुशारी केली. म्हटलं, आजचं वर्तमानपत्र शेजारी ठेवून व्हिडिओ पाठवा. (हे सगळ्यांनी करा. आणि मग मागितलं तेच आलंय ना, तेही बघा.) वर्तमानपत्र आलंच नाही. आला तो बावीस सेकंदांचा व्हिडिओ. चकचकीत गिटार, त्यावर एक हात, हातात जुन्या स्पीकरचं काळं चुंबक. चुंबक बॉडीजवळ नेलं आणि खटकन चिकटलं. हात सोडला तरी पडलं नाही. 'देखिए सर, प्योर मेटल.'

पितळेला चुंबक चिकटत नाही.

हे मला माहीत नाही असं नाही. माझ्याकडे जॉब आला की पोरगा आधी चुंबक लावून बघतो, पितळ आहे का लोखंड, कारण दोन्हींची आधीची तयारी वेगळी. दिवसाला दहा वेळा बघतो मी ते. आणि त्या रात्री व्हिडिओ चार वेळा पाहिला, प्रत्येक वेळी ते खटकन ऐकलं, आणि मनाशी म्हटलं, निकलमुळे असेल. निकलला चुंबक धरतं हे खरंच आहे. पण प्लेटिंगचा थर असतो दहा-वीस मायक्रॉन. त्याने फार तर हलकी ओढ जाणवेल, पावशेराचं चुंबक लटकून राहणार नाही. ज्याने आयुष्यभर मायक्रॉन मोजले त्याने हे स्वतःला पटवलं, यावरून हाव काय असते ते समजा. वर मीच त्याला मेसेज केला: 'निकल की वजह से चिपक रहा है ना?' दोन मिनिटं काही नाही. मग, 'जी सर, वही.'

ती दोन मिनिटं आजही मला झोपू देत नाहीत.

तो व्हिडिओ कुणाच्या तरी खऱ्या, लोखंडी पत्र्याच्या गिटारचा होता. पत्र्याच्याही असतात, काही वाईट नसतात, १९३० च्या दशकात स्वस्त मॉडेलं तशीच निघायची. म्हणजे ती गिटारसुद्धा जाहिरातीतली नव्हती. खोटेपणा समोर लटकत होता आणि मी त्याला पुरावा समजलो.

११ जूनला टोकन, १४ ला बाकी, १६ ला इन्शुरन्स. इन्शुरन्सच्या वेळी बायको म्हणाली, 'आणखी?' मी म्हणालो, 'वस्तू नाजूक असते, तुला कळायचं नाही.' ट्रान्सपोर्टच्या पावतीचा फोटो आला, त्यावर वजन चार किलो, खोक्यासकट. धातूची गिटार एकटीच साडेतीन-चार किलो भरते. तेही दिसलं, तेही सोडून दिलं. पैसे गेल्यावर माणूस वाईट बातमी वाचत नाही.

२४ ला खोकं आलं. उचललं तेव्हाच हात हलके झाले. आत साधी गिटार, ढोलीच्या भोकावर भोकं पाडलेला पत्रा आठ स्क्रूंनी ठोकलेला. स्क्रू काढले. खाली कोन नाही, बिस्किट नाही, काही नाही, अंधार. तारा आपल्या नेहमीच्या लाकडी ब्रिजवर. खोकं फोडताना व्हिडिओ काढला नव्हता. कुठलंही पार्सल असो, पट्टी कापण्याआधी मोबाइल सुरू करा, कारण पुढे ज्याच्या दारात जाल तो पहिलं हेच विचारतो.

बँकेत गेलो. बाईंनी स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाल्या, 'पिन तुम्हीच टाकलाय ना? मग हे अनऑथराइज्ड होत नाही.' मी म्हटलं, फसवून टाकून घेतलाय. 'तरी तुम्हीच टाकलाय.' फॉर्म दिला, तो भरला, त्याचं उत्तर आलं की तक्रार बंद करण्यात आली आहे. पैसे तोवर तीन खात्यांतून पुढे गेलेले. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० या नंबरवर, फोन करायचा तो पहिल्या तासात करायचा, मी केला चौदाव्या दिवशी, कारण चौदाव्या दिवसापर्यंत मी गिऱ्हाईक होतो.

मग चौकी. ठाणे अंमलदारांनी सगळं ऐकलं, गिटार हातात घेऊन एक तार छेडली. 'वस्तू तर मिळाली की तुम्हाला.' मी म्हटलं, साहेब, ही ती नाही. 'म्हणजे क्वालिटीचा वाद आहे. दिवाणी.' मी पत्रा उघडून दाखवला, आत कोन नाही म्हटलं. 'कोन म्हणजे?' मी समजावायला लागलो. मागचे दोघं हसले. पूर्वीचं ४२०, आताचं कलम ३१८, सगळं वाचून गेलो होतो. अर्ज घेतला, आवक क्रमांक दिला, गुन्हा नाही. सायबरला जा म्हणाले. सायबरने सांगितलं रक्कम लहान, स्थानिक ठाण्यात जा. स्थानिक म्हणाले समोरचा परराज्यातला, हद्द आमची नाही. चार चकरा, चार दिवस वर्कशॉप बंद. ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाले, तो दुकानदार नाही, एकदा जुनी वस्तू विकणारा खाजगी माणूस आहे असंच तो म्हणेल, अवघड आहे.

इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काहीच पाठवलं नसतं तर मी सरळसरळ फसवला गेलेला माणूस होतो. त्याने दोन हजारांची गिटार पाठवली ती मला गप्प करायला नाही, पोलिसांना 'वस्तू मिळाली' म्हणता यावं म्हणून. खोक्यात काहीतरी असणं हाच त्याचा इन्शुरन्स, आणि त्याचा हप्ता मी भरला.

एका खात्यात १,३१२ रुपये गोठवलेले सापडले. ते सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल म्हणाले. वकिलांची फी ३,०००.

ज्यांना खरंच घ्यायची आहे त्यांनी विकणाऱ्याला व्हिडिओ कॉलवर झाकण उघडायला लावा, कोन दाखवायला लावा, चेपलेला किंवा तडकलेला आहे का बघा. काट्यावर वजन. एफ-होलमधून, म्हणजे बॉडीवरच्या एफ आकाराच्या भोकातून, टॉर्च मारून आतली भिंत. आणि धातूच्या बॉडीत 'स्पायडर ब्रिज' (कोळ्याच्या पायांसारखी धातूची चौकट) म्हणाला तर दोनदा विचारा, तो बहुतेक लाकडी बॉडीत असतो. पैसे वस्तू मांडीवर घेतल्यावर, आधी एक रुपया नाही. परगावी असेल तर रेल्वेचं तिकीट काढून जा, माझ्या इन्शुरन्सच्या पैशात जाऊन-येऊन जेवण झालं असतं. आणि नुसता सराव करायचा असेल तर साध्या गिटारला नट, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा टेकतात ती पट्टी, उंच करणारा तुकडा काही शे रुपयांत मिळतो. तो लावून मांडीवर घ्या. मी आता तेच करतोय, त्याच चंदेरी प्लायवर.

परवा मुलाने दाखवलं, जाहिरात परत आली आहे. नाव दुसरं, फोटो तोच, किंमत ४४,०००. मुलाच्या नंबरवरून मेसेज केला, व्हिडिओ मागवला. तोच बावीस सेकंदांचा, तेच खटकन. मी विचारलं, पितळ आहे तर चुंबक कसं चिकटतं?

या वेळी दोन मिनिटं लागली नाहीत. लगेच उत्तर आलं: 'सर, निकल प्लेटिंग की वजह से.'