ब्लूबेरीची नवी रोपं पिवळी पडली: लोह कमी की मुळं गुदमरली?

नव्या ब्लूबेरीची पानं पिवळी दिसली की पहिला हात सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या बाटलीकडे जातो. थोडं थांबा. पिवळेपणा कोवळ्या पानांत आहे की सगळ्या झाडावर, आणि मुळाशी बोटभर खोल माती ओली आहे की कोरडी, हे आधी बघा. बेळगाव भागात गल्लत होते ती मुख्यतः दोन दुखण्यांत.

लोहाच्या कमतरतेत शेंड्याची पानं पिवळी पडतात, पण शिरा हिरव्याच राहतात. जुनी पानं ठीक असतात. जमिनीत लोह असतं. पण मातीचा सामू (pH) चढल्यामुळे, म्हणजे तिची आम्लता कमी झाल्यामुळे झाडाला ते उचलता येत नाही. ब्लूबेरीला ४.५ ते ५.५ सामू हवा. अथणी, चिक्कोडीकडच्या काळ्या रानात तो बहुधा आठच्या आसपास असतो, वर चुनखडी. खानापूरची तांबडी माती मुळातच आम्ल, पण उन्हाळाभर बोअरचं जड (क्षारयुक्त) पाणी दिलं तर तिथेही सामू चढतो.

पाणी साचून मुळं गुदमरली तर सगळं झाडच निस्तेज होतं. पानं पिवळट-तांबूस होतात आणि माती ओली असूनही माना टाकतात. जांबोटी पट्ट्यातल्या पावसात, खड्ड्यात लावलेल्या रोपांचं हेच होतं. एक रोप अलगद काढून बघा: निरोगी मुळं पांढरट किंवा फिकट तपकिरी असतात, कुजलेली काळपट, चिमटीत ओढली की साल सुटते. अशा झाडाला सुकलंय समजून आणखी पाणी दिलं की ते हातचं गेलंच. त्याला ३० ते ४० सेंटिमीटर उंच गादीवाफ्यावर हलवा. निम्म्याहून जास्त मुळं काळी असतील तर रोप काढून टाकणंच बरं.

तरी शंका असेल तर एकाच फांदीवर फवारून बघा: लिटरला ३ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल, संध्याकाळी. आठ-दहा दिवसांत तेवढीच फांदी हिरवी झाली तर लोहच कमी आहे. मात्र फवारणी ही तात्पुरती मलमपट्टी. सामू तसाच राहिला तर नवी पालवी पुन्हा पिवळीच येणार.

सामू उतरवायचा की जागाच बदलायची, हे मातीवर व्हिनेगर टाकून ठरवा. फेस आला तर चुनखडी आहे, आणि तिथे सामू उतरवायला घातलेल्या गंधकाचे पैसे वाया. धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ७० टक्के आणि भाताचं तूस ३० टक्के भरून ४० लिटरच्या पिशवीत लावा. फेस नाही आणि सामू सहाच्या आसपास असेल तर चौरस मीटरला साधारण १०० ग्रॅम गंधक दोन हप्त्यांत मिसळा. परिणामाला काही महिने लागतात, म्हणून ते लागवडीआधीच घालणं शहाणपणाचं. पाणीही सुधारावं लागतं: १० लिटर बोअरच्या पाण्यात एकेक ग्रॅम सायट्रिक आम्ल घालत सामू ५.५ला येईपर्यंत मोजा आणि त्या हिशेबाने टाकी भरा. पावसाचं पाणी साठवता आलं तर त्याहून चांगलं काही नाही.

बाकीची लक्षणं सोपी आहेत. जुनी पानं सरसकट फिकी पडली तर नत्र कमी: लागवडीनंतर दीड महिन्याने झाडाला १५ ग्रॅम अमोनियम सल्फेट, खोडापासून वीतभर लांब. जुन्या पानांच्या कडा पिवळ्या-तांबड्या आणि मधली शीर हिरवी राहिली तर मॅग्नेशियम कमी: लिटरला ५ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट फवारा. डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेली चुनखडी) नको, त्याने सामू वाढतो. टोकं आणि कडा तपकिरी करपल्या तर खताचे किंवा पाण्यातले क्षार, नाहीतर नर्सरीतून आलेला मुळांचा गड्डा आतून कोरडा. तो लावताना बाहेरून मोकळा करायलाच हवा, कारण भोवतालची माती भिजली तरी त्यात पाणी शिरत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पानं लालसर झाली तर घाबरू नका, फेब्रुवारीच्या पालवीपर्यंत थांबा.