गोष्टींतून स्पॅनिश शिकवणारं अ‍ॅप: बरेच महिने वापरल्यावर

अपडेट आलं आणि 'पुन्हा ऐका'चं बटण गायब झालं. एवढ्याशा बटणासाठी इतकं लांबलचक लिहितेय, कारण माझ्या मते पैसे मोजावेत असं त्या अ‍ॅपमध्ये तेच होतं. आता गोष्ट संपली रे संपली की पुढची आपोआप सुरू, आधीची हवी तर मेन्यूत शोधत बसायचं, तोवर पोरगी नव्या चित्रांत गुंतलेली. कस्टमर केअरला मेल केला तर म्हणे मुलांना व्हरायटी आवडते. अहो, मुलं स्वतःच 'परत तीच सांग' म्हणून मागे लागतात ना!

आणि हा नुसता हट्ट नसतो. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर केलेला प्रयोग आहे, नवे शब्द तितक्याच वेळा ऐकवले, पण काहींना एकच गोष्ट पुन्हापुन्हा आणि काहींना वेगवेगळ्या गोष्टींतून, तर शब्द जास्त लक्षात राहिले ते एकच गोष्ट ऐकणाऱ्यांच्या. तो प्रयोग मातृभाषेतला होता, पण परक्या भाषेत तर जवळपास प्रत्येकच शब्द नवा. आमच्याकडे पहिल्यांदा ती फक्त चित्रं बघते, मग कोण काय करतंय ते कळतं, आणि पुढे कधीतरी निवेदकाच्या आधी वाक्य म्हणून मोकळी होते. एकदाच ऐकवून हे कसं होणार?

अ‍ॅनिमेशनबद्दल सुरुवातीला मी सगळ्यांना कौतुकाने सांगायचे, आता मत बदललंय. सगळंच हलतं-उडतं त्यामुळे न ऐकताही गोष्ट कळते, मग भाषेकडे कोण लक्ष देणार. स्थिर चित्रांच्या जुन्या गोष्टी कितीतरी सरस आहेत. आवाज मात्र अजूनही सुरेख, सावकाश, स्पष्ट, त्याला पूर्ण मार्क.

सध्या तीच गोष्ट मीच सांगते आणि मध्येमध्ये विचारते, मांजर पळालं का? मांजर की कुत्रा? मग कोण पळालं? कॅलिफोर्नियातले स्पॅनिशचे शिक्षक ब्लेन रे यांच्या टीपीआरएस पद्धतीतली, म्हणजे गोष्ट सांगत आणि प्रश्न विचारत भाषा शिकवायच्या पद्धतीतली, ही युक्ती, एकच वाक्य दहा वेळा कानावर पडतं आणि तिला कंटाळा येत नाही, उलट मुद्दाम चुकीचं उत्तर देऊन खिदळते.

घेणार असाल तर ट्रायलमध्येच बघा, ऑटो-प्ले बंद होतो का, गोष्ट एका टॅपवर परत लागते का. मी वर्षाचे पैसे आधीच भरलेत, उरलेल्या महिन्यांचा रिफंड मागितलाय, अजून 'तपासत आहोत' एवढंच उत्तर आहे.