धरमपेठेतलं दत्तक सल्ला केंद्र, आमचा अनुभव

माझी मोठी बहीण आणि भाऊजी न्यू जर्सीला असतात, लग्नाला अकरा वर्षं झाली. भारतातूनच लेकरू दत्तक घ्यायचं असं त्यांनी ठरवलं तेव्हापासून घरात दुसरा विषयच नाही, पण विचारायचं कोणाला हे काही समजून नव्हतं राहिलं. मग ओळखीतल्या एका काकूंनी धरमपेठेतलं हे केंद्र सांगितलं, मी आणि आई जाऊन आलो. नागपुरात अजूनही कोणाची मुलगी, कोणाचा भाऊ बाहेर असेल आणि त्यांना हेच पाहिजे असेल म्हणून सविस्तर लिहून राहिलो.

तिथल्या मॅडमनी फाईल उघडायच्या आधीच दोघांची वयं विचारली. ताई 42, भाऊजी 45. त्यांनी कागदावर बेरीज केली, 87, आणि सरळ सांगितलं की दोन वर्षांपर्यंतचं बाळ मिळणार नाही. 2022 च्या नियमांप्रमाणे तेवढ्या लहान बाळासाठी नवरा-बायकोच्या वयाची बेरीज 85 च्या वर चालत नाही, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी 90 पर्यंत चालते, चार ते आठला 100, त्याच्या पुढे 110. आणि वय धरतात ते नोंदणीच्या तारखेचं, म्हणजे अजून विचार करू विचार करू म्हणत दोन वर्षं घालवली असती तर बेरीज 91 झाली असती आणि दोन ते चारचा गटही हातचा गेला असता. आईचा चेहरा एकदम उतरला, तिने जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवायला घेतली होती. मॅडम थांबल्या, आईला पाणी दिलं, आणि तीन वर्षांचं लेकरू घरी आल्यावर पहिले काही महिने कसे जातात, ते रात्री काहून उठतं, जेवायला काहून नाही म्हणतं, हे अर्धा तास बोलत बसल्या. मागून दुसरे लोक ताटकळत होते तरी घाई केली नाही. मला त्या बाईंबद्दल खरंच फार आदर वाटला.

बाकीच्या अटी आमच्याकडे जमत होत्या, लग्न किमान दोन वर्षं टिकलेलं पाहिजे, दोघांची संमती पाहिजे, मुलात आणि आईबापात कमीत कमी 25 वर्षांचं अंतर पाहिजे. एकटा पुरुष असेल तर मुलगी दत्तक घेता येत नाही, एकट्या बाईला मुलगा मुलगी दोन्ही चालतं, हेही तिथेच कळलं.

आणखी एका गोष्टीसाठी त्यांचे आभार. एका ओळखीच्या माणसाने फोन करून सांगितलं होतं की एका दवाखान्यात बाळ आहे, पैसे भरा, कागद नंतर करू. आम्ही ते मॅडमना विचारलं तर त्या खूप गंभीर झाल्या, म्हणाल्या असं परस्पर बाळ घेणं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही, आणि असं बाळ अमेरिकेला न्यायचे कागद तर कधीच होणार नाहीत. परदेशात राहणाऱ्यांनी त्यांच्याच देशातल्या, काराने (म्हणजे दत्तकाचं काम पाहणारी केंद्र सरकारची संस्था) मान्यता दिलेल्या एजन्सीतून अर्ज करायचा, होम स्टडी रिपोर्ट, म्हणजे घर आणि आईबाप मुलासाठी योग्य आहेत का याचा अहवाल, तिकडेच होतो, मग मूल सुचवल्यावर काराची एनओसी, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, मुलाचा पासपोर्ट. आणि मूल घरी गेल्यावर पुढची दोन वर्षं त्याची चौकशी चालू राहते. त्या फोनवाल्या माणसाला मी त्याच संध्याकाळी नाही म्हणून कळवलं.

आता जे आवडलं नाही ते. भाऊजी अमेरिकन सिटिझन आहेत, ताईकडे ग्रीन कार्ड आणि पासपोर्ट भारताचाच. जोडप्यातला एक भारतीय असला तर अर्ज भारतीयांसारखाच धरतात हे त्यांनी बरोबर सांगितलं, पण अमेरिकेच्या बाजूचं काहीच नाही. बाहेरच्या देशातून मूल दत्तक घ्यायला तिकडे आय-800ए नावाचा फॉर्म लागतो, तो अमेरिकन नागरिकच भरू शकतो, दोघंही ग्रीन कार्डवर असते तर आमचं गाडं तिथेच अडलं असतं. हे ताईला तिकडच्या एजन्सीकडून दोन महिन्यांनी कळलं, तोवर जीव टांगणीला. केंद्राने निदान एवढं तरी म्हणायला पाहिजे होतं की तिकडचे नियम वेगळे आहेत, ते आधी विचारून या.

दुसरं म्हणजे तिथलं पार्टिशन फार पातळ आहे. आमच्या आधीच्या माणसाचं सगळं बोलणं बाहेर ऐकू येत होतं, तो बाहेर आला तेव्हा त्याच्याकडे पाहायलाही अवघडल्यासारखं झालं. इतक्या नाजूक विषयाला बंद खोली पाहिजेच.

फी 1500 घेतली, पावती दिली. नंतरचा व्हिडिओ कॉल संध्याकाळी साडेसातला ठेवला, तेव्हा तिकडे सकाळचे दहा, त्यामुळे ताई-भाऊजी दोघंही बसू शकले, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. सध्या तिकडे होम स्टडी चालू आहे, दोन ते चार वयाच्या गटासाठी.

शनिवारी खूप गर्दी असते, मधल्या वारी फोन करून जा, आणि दोघांचे जन्माचे दाखले, मॅरेज सर्टिफिकेट, पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड नाहीतर ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते कार्ड) जे असेल त्याची झेरॉक्स सोबत ठेवा, आम्हाला त्यासाठी दुसरी चक्कर पडली.