सुटे टाके की त्वचेखालचा सलग टाका?

जखम शिवताना आधी एक गोष्ट: कडांवरचा ताण खोलच्या, विरघळणाऱ्या टाक्यांनी घ्यायचा. वरचा टाका फक्त कडा जुळवतो.

चेहऱ्यावर ६-० (अगदी बारीक) नायलॉनचे सुटे, म्हणजे प्रत्येकी वेगळी गाठ असलेले टाके वेळखाऊ, पण कडा वरखाली असल्या तर टाक्यागणिक सुधारता येतात. सुई त्वचेत काटकोनात घातली की कडा किंचित उचलल्या जातात, तेच हवं. साधारण पाचव्या दिवशी काढायचे. उशीर झाला किंवा गाठ करकचून आवळली, तर शिडीसारखा व्रण उमटतो. पू झालाच, तर एखाददुसरा टाका सोडून भागतं.

सलग टाका म्हणजे त्वचेखालून एकच धागा शेवटपर्यंत नेणं. विरघळणाऱ्या धाग्याच्या सलग टाक्यात त्वचेवर टाक्यांचे ठिपके नाहीत, टाके काढणं नाही. मात्र दोन्हीकडचे घास (सुई दरवेळी पकडते तो भाग) एकाच पातळीवर हवेत, नाहीतर पायरी पडते. धागा तुटला की सगळंच उसवतं.

अपघाताची वेडीवाकडी जखम: सुटे. सरळ, स्वच्छ छेद: सलग.