ओव्हरटाइम की नवीन भरती?

अंबडच्या आमच्या युनिटमध्ये सध्या यावरूनच वाद पेटलाय आणि निर्णय माझा आहे, त्यामुळे उत्तरही मीच देतो. ऑर्डर वाढल्यावर दोन रस्ते होते, जुन्याच ऑपरेटर्सना ओव्हरटाइम द्यायचा, नाहीतर आयटीआयची दोन टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारी, पोरं कंपनीच्या रोलवर (कायम नोकरीत) घ्यायची. मी पोरं घेतली.

जुन्या लोकांचा राग मला कळतो. ओव्हरटाइमला दुप्पट दर मिळतो, त्यावर कुणी घराचा हप्ता बांधलाय, कुणी पोरीची फी भरतंय. हात बसलेले, ट्रेनिंगचा खर्च शून्य, आणि ऑर्डर आटली की ओव्हरटाइम बंद करता येतो, रोलवरचा माणूस असा काढता येत नाही, हे सगळं खरंच आहे.

पण बारा-बारा तास उभा राहिलेला माणूस पहाटे चारला सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर, इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) बदलतो आणि ऑफसेट, म्हणजे टूल किती सरकवायचं तो आकडा, टाकताना दशांश चिन्ह एक घर सरकतं, मग टूल थेट चकवर, म्हणजे धातूचा तुकडा पकडून फिरवणाऱ्या भागावर! तो तुकडा, म्हणजे जॉब, गेला तर भंगारात टाकू, बोटं गेली तर काय करायचं? कायदा आठवड्याला ४८ तास म्हणतो ते उगाच नाही.

नवीन पोरांना तयार व्हायला वेळ लागेल, तोवर रिजेक्शन, म्हणजे बाद होणारा माल, वाढेल, ते मी वर सांभाळतो. रविवारचा ओव्हरटाइम मात्र जुन्यांनाच, आळीपाळीने, यादी नोटीस बोर्डवर लावलीय.