कोबीवरची जाळी, कंपोस्टखालची तार आणि उंदरांचे चाप: नऊ महिन्यांनंतर

इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये आमच्याकडे अर्धी अ‍ॅलॉटमेंट, म्हणजे भाजीपाला लावायला भाड्याने मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्याचा अर्धा भाग, आहे, साधारण 125 चौरस मीटर. मागच्या ऑक्टोबरात तिथे तीन गोष्टी केल्या. वाफ्यांवर 7 मिलिमीटर भोकांची विणलेली जाळी घातली, कंपोस्टच्या डब्याखाली 6 मिलिमीटरची तारेची जाळी अंथरली आणि बंद पेटीत बसणारे दोन स्प्रिंगचे चाप घेतले. आता जुलै उजाडलाय. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर तिन्हींना सारखीच शाबासकी दिली असती, आज देणार नाही.

आधी पाखरांचं. इथला वुडपिजन म्हणजे आपल्या इमारतींवरचा पारवा नव्हे. हा अंगाने थोराड, मानेला पांढरा पट्टा, वजन अर्धा किलोच्या आसपास. बाहेर खायला काही उरत नाही तेव्हा, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, त्याची धाड पडते. त्याच्या आदल्या हिवाळ्यात आमची केल (कोबीच्याच कुळातली पालेभाजी) आणि कोबी त्याने अशी ओरबाडली होती की नुसत्या शिरा उभ्या राहिल्या. प्लास्टिकचं घुबड झालं, जुन्या सीड्या टांगून झाल्या. ससाण्याच्या आकाराच्या पतंगाने दोन आठवडे बरं काम केलं, मग पिजन त्याच्या काठीखालीच चरू लागले. कुठलंही बुजगावणं पाखरांना कळेपर्यंतच चालतं. माझे आजोबा साताऱ्याकडे ज्वारीच्या राखणीला माळ्यावर चढून गोफण फिरवायचे. इथे 1981 च्या कायद्याने रानपाखरं, त्यांची अंडी आणि वापरात असलेली घरटी यांना संरक्षण आहे. पिकाचं नुकसान होतंय म्हणून पिजन मारायचा तर तेही परवान्याच्या अटी पाळूनच. आमच्यासारख्यांना झाकणं हाच मार्ग, आणि मला तोच पटतो.

निळे पाण्याचे पाइप कमानीसारखे वाकवून त्यांची टोकं बांबूच्या खुंट्यांवर बसवली, वर जाळी ताणली. जाळी पानांपासून निदान वीतभर उंच हवी. सुरुवातीला ती टेकत होती, तेव्हा पिजन जाळीवरच बसून खालची पानं टोचत होते. उंच केल्यावर अख्ख्या हिवाळ्यात एक पान गेलं नाही. मे महिन्यापासून कोबीवरची पांढरी फुलपाखरंही बाहेरच राहिली, त्यामुळे अळ्या जवळजवळ नाहीतच. दोष एकच, पण मोठा: बर्फ. बारीक भोकांच्या जाळीवर बर्फ साचतो. जानेवारीत एका रात्रीत तीन कमानी आडव्या झाल्या. बर्फ पडणार असं कळलं की जाळी काढून ठेवावी किंवा सकाळी लवकर जाऊन खालून झटकावी.

आणि एक चूक झाली, ती सांगितलीच पाहिजे. ही जाळी पुरली नाही म्हणून मेअखेरीस स्ट्रॉबेरीवर जुनी, नायलॉनच्या बारीक धाग्याची जाळी ढिली टाकली. दुसऱ्या दिवशी तिच्यात ब्लॅकबर्डची मादी अडकलेली, दोन्ही पाय गुंतलेले. टॉवेलमध्ये धरून एकेक धागा कात्रीने कापला. ती उडाली, पण माझे हात बराच वेळ थरथरत होते. ती जाळी त्याच दिवशी फेकली. जाळी ताणलेलीच हवी, कडा नीट दाबलेल्या हव्यात आणि गुंडाळा जमिनीवर पडलेला नको, कारण रात्री फिरणारे हेजहॉग, म्हणजे छोटे काटेरी प्राणी, अशा गुंडाळ्यात गुरफटून मरतात.

उंदरांसाठी सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती डब्याखालची तार. पेन्सिल जाईल एवढी फट लहान उंदराला पुरते, म्हणून 6 मिलिमीटर. कोंबड्यांच्या खुराड्याची मोठ्या भोकांची जाळी इथे कामाची नाही. तार डब्याच्या कडेने वर वळवून स्क्रूने घट्ट केली. शिजवलेलं अन्न, पोळी-भाताचं उरलंसुरलं कंपोस्टमध्ये टाकणं पूर्ण थांबवलं. नोव्हेंबरनंतर डब्यात नवं बीळ दिसलं नाही.

चापांना मात्र धीर लागतो. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. पहिला आठवडा चाप न लावता नुसतं पीनट बटर ठेवलं, ते संपायला लागल्यावर चाप लावला. पेटी शेडच्या भिंतीला चिकटून, उंदरांच्या रोजच्या वाटेवर. सहा आठवड्यांत पाच मिळाले. रोज सकाळी बघणं टाळता येत नाही, अर्धवट सापडलेला जीव तसा ठेवणं क्रूर आहे. हातमोजे घालाच. 2005 च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने माणसं गेलेली मी पाहिली आहेत, इथल्या उंदरांच्या मुतातही तोच रोग असतो.

शेजारच्या प्लॉटवरच्या काकांनी प्रेमाने विषाच्या गोळ्यांचा जुना डबा देऊ केला होता, मी नको म्हटलं. ब्रोमॅडिओलोन आणि डायफेनाकूम ही विषं 2024 संपल्यापासून इमारतींपासून दूर, उघड्यावर वापरता येत नाहीत. कायदा नसता तरी घेतलं नसतं: विष खाल्लेला उंदीर मरायला काही दिवस लागतात, तोवर तो घुबडाच्या नाहीतर लाल घारीच्या पोटात जातो. चिकट पट्ट्यांनाही इंग्लंडमध्ये जुलै 2024 पासून बंदी आहे, आणि ते फार चांगलं झालं.

करड्या खारीपुढे यातलं काहीच पुरलं नाही. 1876 मध्ये चेशायरमध्ये अमेरिकेतून आणून सोडलेली ही खार आता दारोदार आहे. तिने मक्यावरची प्लास्टिकची जाळी कुरतडून पहिली तीन कणसं नेली. पिंजऱ्यात पकडलेली करडी खार पुन्हा सोडणं इथे बेकायदा आहे, म्हणजे पकडली तर मारणं आलं. ते माझ्याच्याने होणार नाही. आता मक्याभोवती उरलेल्या तारेचा पिंजरा केलाय, वरूनही बंद. बाकीची कणसं अजून शाबूत आहेत.

तिन्ही मिळून खर्च 90 पौंडांच्या आत आला, त्यातला निम्म्याहून जास्त विणलेल्या जाळीचा. येत्या ऑक्टोबरात कमानी दीड मीटरऐवजी अर्ध्या मीटरवर रोवणार आहे, म्हणजे बर्फाचं वजन पेलेल.